चांदीचा सौदा घेण्याआधीचा अभ्यास: नऊ महिने वापरल्यावरचा अनुभव

हुपरीत आमचं पैंजणांचं काम आहे. मी राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीला, आप्पा हुपरीतच. घरात चहाच्या आधी चांदीचा भाव विचारला जातो, त्यामुळे चांदी आपल्याला कळते असं मी धरूनच चाललो होतो. एमसीएक्स या वस्तूंच्या सौद्यांच्या बाजारात वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या चांदीचा भाव आजच ठरवायच्या सौद्यात, उतरलो आणि चार महिन्यांत त्याची चांगली किंमत मोजली. त्यातले दोन महिने एका पैसे घेऊन टिप देणाऱ्या चॅनलवर गेले.

वळण लागलं ते मेहुण्यामुळे. तो इंग्लंडात लेस्टरला असतो आणि तिकडे स्प्रेड बेटिंग करतो. बाजार एक पॉइंट हलला की अमुक पौंड मिळतात किंवा जातात, असा तो हिशोब. तिथे ते कायदेशीर आहे आणि नफ्यावर सहसा करही लागत नाही. इथे बसून आपण त्यात पडायचं नाही, कारण परदेशातल्या मार्जिनच्या, म्हणजे थोडी अनामत भरून केलेल्या मोठ्या सौद्यांसाठी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. पण त्याची एक सवय मी उचलली. सौद्याआधी तो वहीत पान लिहितो. "दाजी, आधी लिहायचं, मग लावायचं," एवढंच तो म्हणाला.

पहिला बदल मापात केला. चांदी मिनीचा लॉट ५ किलोचा, म्हणजे किलोचा भाव १ रुपया हलला की आपले ५ रुपये हलतात. मायक्रो १ किलोची, तिथे रुपयाला रुपया. वहीवर शिकायचं तर मायक्रोच. मोठ्या ३० किलोच्या लॉटकडे मी बघतही नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली: भाव फोडून बघणं. जगात चांदी डॉलरमध्ये, औंसावर विकली जाते आणि हा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. समजा औंसाला ३० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये. किलोत ३२.१५ औंस बसतात, म्हणजे साधारण ८१,९८४ रुपये. त्यावर ६ टक्के आयात शुल्क धरलं की ८६,९०० च्या आसपास. वायद्याच्या भावात जीएसटी नसतो, गुजरीतल्या, म्हणजे आमच्या सराफ बाजारातल्या दुकानात वर ३ टक्के लागतो. हे गणित रोज हाताने केल्यावर लक्षात आलं की माझे तीन सौदे चांदीमुळे बुडालेच नव्हते. बाहेर चांदी वाढली होती, पण रुपया मजबूत झाला आणि वाढ तिथेच खाल्ली गेली. शुल्काचंही तसंच. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि इथला भाव एका दुपारीत कोसळला. त्या दिवशी बाहेरचा चार्ट कितीही बघितला असता तरी ते दिसलं नसतं. आता पानावर भावाचे तीन रकाने आहेत: बाहेरची चांदी, डॉलर, शुल्क. माझा अंदाज यातल्या कशावर आहे ते लिहिता आलं नाही तर सौदा नाही.

वेळेचा रकाना डिसेंबरात वाढवला. अमेरिकेच्या महागाईचा आकडा आपल्याकडे संध्याकाळी ६ ला येतो, हे डोक्यात पक्कं होतं. सव्वासहापर्यंत थांबलो, काही हललं नाही, म्हणून साडेसहाला दोन मायक्रो घेतल्या. बरोबर ७ वाजता भाव खाली आपटला. तिकडे घड्याळं हिवाळ्यात एक तास मागे जातात, त्यामुळे आकडा ७ ला येतो. आपला बाजारही त्या काळात रात्री ११:३० ऐवजी ११:५५ पर्यंत चालतो. तेवढं माहीत असून मी पुढचा विचार केला नव्हता. आता महिन्याच्या सुरुवातीलाच तारखा आणि वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.

अमेरिकेतल्या सट्टेवाल्यांनी किती सौदे घेऊन ठेवलेत, त्याचा साप्ताहिक अहवालही वाचतो. तो मंगळवारचा असतो, प्रसिद्ध होतो शुक्रवारी, आणि आपल्या हातात येईपर्यंत शनिवार उजाडतो. दोन-तीन दिवसांच्या सौद्याला त्याचा मला उपयोग झाला नाही.

या अभ्यासाचा खर्च म्हणाल तर शून्य. एमसीएक्सच्या साइटवर रोजचे भाव फुकट मिळतात. बाकी वही आणि संध्याकाळची चाळीस मिनिटं. नऊ महिन्यांत ६१ पानं भरली, सौदे झाले २३. ब्रोकरेज, कर सगळं जाऊन ४,१०० रुपये पुढे आहे. यावर कुणी नोकरी सोडायचा विचार करू नये. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या पाहणीत शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे वायद्यांसारख्याच सौद्यांमध्ये, तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते, आणि त्यातले पुष्कळजण माझ्यापेक्षा हुशार असणार.

खरा उपयोग मात्र धंद्यात झाला. गेल्या महिन्यात ८ किलोच्या पैंजणांची ऑर्डर आली. भाव त्याच दिवशी ठरला, चांदी उचलायची होती पंधरा दिवसांनी. आप्पा म्हणाले, "मधल्या दिवसांत भाव चढला तर मजुरी सगळी त्यातच जाणार." रात्री वही उघडली. मध्ये अमेरिकेचा व्याजदराचा निर्णय होता आणि रुपयाही घसरत होता. ८ मायक्रो घेऊन ठेवल्या. किलोला १,९०० रुपये वाढले. चांदीला १५,२०० जास्त मोजावे लागले, जवळपास तेवढेच वायद्यातून परत आले. चांदी उचलली त्याच दुपारी आठही विकून टाकल्या.