मॅडन एनएफएल २५: बडोद्यात बसून ऑनलाइन डिफेन्स खेळायचा असेल तर

अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये नवीन आलेला प्रत्येकजण आधी पास टाकायला शिकतो. मग ऑनलाइन उतरतो, चाळीसेक पॉइंट करतो आणि तरीही हरतो, कारण बचाव म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ईए स्पोर्ट्सने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या ‘मॅडन एनएफएल २५’कडे इथे फक्त बचावाच्या बाजूने पाहिलं आहे, आणि तेही बडोद्यातल्या घरगुती फायबरवर खेळणाऱ्याच्या दृष्टीने. मत सुरुवातीलाच देतो: स्नॅपनंतरची, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाल्यानंतरची, चपळाई इथून निम्मीच उपयोगी पडते. स्नॅपआधीची मांडणी मात्र पूर्ण उपयोगी पडते, आणि मांडणीची साधनं या गेममध्ये भरपूर आहेत.

चपळाई का पुरत नाही, याचा हिशेब सोपा आहे. समोरचा खेळाडू अमेरिकेत आहे असं धरा. बडोद्यापासून अमेरिकेचा पूर्व किनारा बारा हजार किलोमीटरहून लांब. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत जाऊन यायलाच १२० मिलिसेकंद लागतात. केबल सरळ रेषेत टाकलेली नसते, म्हणून पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, प्रत्यक्षात २०० च्या पुढे दिसतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. महाग प्लॅन घेऊन हे कमी होत नाही. होतं ते एवढंच, की वायफाय सोडून राउटरपासून लॅन केबल लावली तर आकडा स्थिर राहतो. सतत २२० असलेला पिंग चालतो, १८० आणि ३०० च्या मध्ये उड्या मारणारा चालत नाही, कारण मग बोटांना अंदाजच बसत नाही. तिकडची रात्रीची आठची गर्दी आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला येते. त्या वेळी प्रतिस्पर्धी लवकर मिळतो.

आता मुख्य गोष्ट. सामना सुरू होताच कोचिंग ॲडजस्टमेंट्समध्ये जा आणि झोन ड्रॉप्स लावा. झोन म्हणजे माणसाऐवजी जागा सांभाळणं. फ्लॅट (कडेची उथळ जागा), कर्ल फ्लॅट (कडेचीच, थोडी खोल) आणि हुक (मधली जागा) या तीन प्रकारच्या झोनचे खेळाडू किती यार्ड मागे जाऊन उभे राहतील ते इथे ठरतं. एकदा लावलं की पुढे प्रत्येक डावात टिकतं, म्हणून समोरचा घाईघाईने खेळ चालवत असला तरी तुमची मांडणी मोडत नाही. कव्हर ३ या झोन मांडणीत तिघे खोल असतात, चौघे खाली आणि चौघे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे धावतात. मैदान ५३ यार्डांहून थोडं रुंद आहे, म्हणजे खालच्या चौघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला १३ यार्ड येतात. एवढी जागा एकट्याने झाकता येत नाही, फट राहतेच. ती कुठे राहील हे ठरवणं तेवढं आपल्या हातात असतं.

उदाहरण घ्या. जांभळा दिसणारा कर्ल फ्लॅट ५ यार्डांवर आणला की रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) जाणारा छोटा पास बंद होतो, पण त्याच बाजूला पंधराएक यार्डांवर बाहेर वळणारा आउट रूट (रिसीव्हरची धावण्याची वाट) मोकळा होतो. उलट तो १५ वर नेला तर आउट बंद होतो आणि फ्लॅटमध्ये दर वेळी पाच-सहा यार्ड मिळू लागतात. थर्ड डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) समोरच्याला आठ यार्ड हवे असतील तर ते पाच यार्ड खुशाल द्या. दोनच हवे असतील तर मुळीच देऊ नका. पिवळे हुक १० च्या आसपास ठेवले तर मधून आडवे धावणारे रिसीव्हर (पास झेलणारे) दोघांच्या मध्ये अडकतात. फार खोल गेले तर त्यांच्या पुढून छोटे ड्रॅग (उथळ, आडवे रूट) सुटत राहतात.

राहिलेल्या फटीत स्वतः उभं राहायचं. त्यासाठी स्नॅपआधी (बटणं प्लेस्टेशनची सांगतो) गोल बटण दाबून मधला हुक लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला बचावपटू, हातात घ्या. कडेच्या रिसीव्हरसमोरचा कॉर्नरबॅक कधीही घेऊ नका, कारण २०० मिलिसेकंद उशिराने वळणारा कॉर्नर म्हणजे सरळ टचडाउन. लाइनबॅकरची चूक सगळ्यात मागे उभा असलेला सेफ्टी भरून काढतो. स्नॅपनंतर आर२ दाबून धावत सुटू नका. एल२ धरून तोंड क्वार्टरबॅककडे ठेवा आणि दोन रूटच्या मध्ये हळू सरका. पूर्ण वेगात असलेला खेळाडू वळायला वेळ घेतो, त्यात पिंगची भर पडते.

हे बडोद्याच्या मुलांना इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. इथल्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये कबड्डीचे नियम बसवले, आणि चांगली सात जणांची फळी जशी चढाई करणाऱ्याच्या मागे न धावता त्याची परतीची वाट बंद करते, तसाच झोन खेळायचा असतो.

मॅन कव्हरेज, म्हणजे एकाने एकालाच धरणं, मात्र जपून वापरा. तीन रिसीव्हर एकत्र गुच्छात उभे असले की आपले बचावपटू एकमेकांना आणि त्यांच्या खेळाडूंना अडतात, आणि एकजण हमखास सुटतो. तिथे कव्हर ४ क्वार्टर्स किंवा पाम्स यांसारखी मॅच कव्हरेज चांगली, कारण कोणी कोणाला घ्यायचं हे रूट वळल्यावर ठरतं. प्रेस करायचा (रिसीव्हरला सुरुवातीलाच भिडून अडवायचा) असेल तर त्रिकोण दाबून डावी स्टिक खाली, मागे सरकवायचं असेल तर वर. पण आधी खेळाडूंचे आकडे (रेटिंग) पाहा: समोरच्या रिसीव्हरचं रिलीज आपल्या कॉर्नरच्या प्रेसपेक्षा जास्त असेल तर तो पहिल्याच पावलात निसटतो आणि मागे कोणी नसतं. अशा वेळी प्रेस सोडून त्रिकोणानंतर उजवी स्टिक वर करून वरून शेड करा, म्हणजे कॉर्नर लांब पासची वाट सांभाळतो. छोटा पास गेला तरी चालेल. झोनमध्ये खेळणाऱ्यांचा नुसता वेग बघू नका, झोन कव्हरेज आणि प्ले रेकग्निशन बघा. अल्टिमेट टीममध्ये (कार्डं जमवून संघ बांधण्याच्या मोडमध्ये) वेगावर भाळून नाणी घालवणारे याच ठिकाणी फसतात.

धाव अडवायला डी-पॅड डावीकडे दाबून डावी स्टिक खाली केली की बचावाची पुढची फळी (लाइन) आत आवळली जाते, वर केली की पसरते. आवळल्यावर कडेने बाहेर पळणारा क्वार्टरबॅक मोकळा सुटतो, म्हणून पाय चांगले असलेल्या क्वार्टरबॅकसमोर कडेच्या दोघांना कंटेन, म्हणजे बाहेरची वाट अडवण्याचं काम, द्या. रन कमिट (धावच येणार असं धरून बचावाला पुढे सोडणं) हा जुगार आहे, प्ले ॲक्शन (धावेचा आव आणून टाकलेला पास) निघालं तर लाइनबॅकर पुढे झेपावलेले आणि मागे सगळं मैदान रिकामं.

टॅकलमध्ये या आवृत्तीची नवी गोष्ट बूम टेक. धडकेचा परिणाम आता वेळ, कोन, वजन आणि खेळाडूंच्या आकड्यांवर ठरतो, आणि समोरासमोर अचूक बसलेली हिट स्टिक (उजव्या स्टिकने मारायची जोरदार धडक) खरंच जबरदस्त वाटते. बडोद्यातून ती सवयीने वापरू नये. वेळ चुकली की बचावपटू शेजारून निघून जातो. मोकळ्या मैदानात एल१ धरून डिफेन्सिव्ह असिस्टने कोन साधा, जवळ पोहोचल्यावर क्रॉसने साधं, पक्कं टॅकल करा. हिट स्टिक ठेवा ती धावणारा थेट तुमच्या छातीवर येत असेल तेव्हासाठी. चेंडू हवेत असताना त्रिकोणाने झेल आणि चौकोनाने स्वॉट (चेंडू खाली पाडणं). फोर्थ डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, लांब पास आला तर झेलण्याचा मोह नको, स्वॉट करा. चेंडू पडला की तो आधीच्या जागेवरून आपल्याला मिळतो, झेलला तर तीस-चाळीस यार्ड मागून सुरुवात.

गेमचा कच्चा भाग म्हणजे शिकवणं. स्किल्स ट्रेनरमध्ये बटणं कळतात, पण कोणत्या ड्रॉपने कोणती जागा उघडते हे प्रॅक्टिस मोडमध्ये स्वतःच शोधावं लागतं. समोरच्या संघाला एकच पासिंग प्ले द्या, आपला कव्हर ३ तोच ठेवा आणि ड्रॉप पाच-पाच यार्डांनी बदलत जा. एक संध्याकाळ या कामाला दिली की पुढचे कितीतरी सामने सोपे जातात.

घेण्याआधी ईए प्लेच्या सदस्यत्वातून मिळत असेल तर खेळून पाहा आणि आपल्याच लाइनवर पिंग तपासा. वापरलेली डिस्क घेणार असाल तर नाव नीट वाचा: २०१३ मध्येही ‘मॅडन एनएफएल २५’ याच नावाचा गेम आला होता आणि तो पीएस४ वरही होता. २०२४ चा घेतलात तरी पीएस४ किंवा एक्सबॉक्स वनवर बूम टेक मिळत नाही, त्यासाठी पीएस५, एक्सबॉक्स सिरीज किंवा पीसी लागतो. पीएस४ असेल तर स्वस्तातली, पण झोन ड्रॉप्स असलेली, अलीकडची जुनी आवृत्ती घेऊन ते शिका; २०१३ ची नव्हे. बचावाचा हा भाग तिथेही असाच चालतो.