पहिला चुंबक कोणता घ्यावा? पट्टीचुंबक, फेराइट, निओडिमियम आणि विद्युतचुंबक

मुलांसाठी चुंबक घ्यायचा म्हटलं की आधी विचारलं जातं, "सगळ्यात जोरकस कोणता?" शिकायचं असेल तर हा प्रश्न बाजूला ठेवा. ध्रुव कुठे आहेत ते मुलाला कळतं का, आणि मोठ्यांच्या मदतीशिवाय तो चुंबक हाताळता येतो का, हे आधी बघावं. या कसोटीवर माझी पहिली पसंती पट्टीचुंबकाच्या जोडीला, सोबत एक छोटं होकायंत्र.

पट्टीचुंबकाचे ध्रुव दोन टोकांना असतात, त्यामुळे शोधाशोध नाही. मधोमध दोरा बांधून टांगला की थोडा वेळ डुलतो आणि दक्षिणोत्तर स्थिरावतो. त्यावर जाड कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरा, कागदाला हलक्या टिचक्या मारा. कीस टोकांशी दाटतो आणि एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वळणदार रेषा उमटतात. चुंबकीय क्षेत्राचं इतकं स्वच्छ चित्र चकतीवर दिसत नाही. जोडी अशासाठी, की चुंबकाची खरी परीक्षा प्रतिकर्षणात होते. साधं लोखंडही चुंबकाकडे ओढलं जातं. दूर ढकलला जातो तो मात्र चुंबकच.

यातले चांगले चुंबक अल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचे असतात. उष्णता ते भरपूर सोसतात, पण दुसऱ्या चुंबकाच्या विरोधी क्षेत्रात राहिले की क्षीण होतात. म्हणून ठेवताना विरुद्ध ध्रुव शेजारीशेजारी आणि दोन्ही टोकांना मऊ लोखंडाची (चुंबकत्व धरून न ठेवणाऱ्या लोखंडाची) पट्टी हवी. खोक्यात कसेही टाकलेले पट्टीचुंबक हळूहळू कमजोर पडतात, आणि दोष चुंबकावर येतो.

फेराइट म्हणजे त्या काळपट चकत्या आणि कड्या. लोहाच्या ऑक्साइडमध्ये बेरियम किंवा स्ट्राँशियम मिसळून त्या भट्टीत भाजतात. गंज चढत नाही, जपणूक फारशी लागत नाही, पण पडल्या की फुटतात. फुटल्या तरी शिकायला मिळतंच: प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतात. अडचण एवढीच, की चकतीचे ध्रुव सहसा सपाट बाजूंवर असतात आणि मुलं ते कडेला शोधत बसतात. कड्या मात्र जरूर घ्या. समान ध्रुव समोरासमोर येतील अशा दोन कड्या पेन्सिलीत ओवल्या की वरची अधांतरी राहते.

निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक 1980च्या दशकात आला. त्याच आकारमानाच्या इतर कायम चुंबकांपेक्षा तो कितीतरी जोरकस असतो, आणि म्हणूनच लहान मुलांच्या हाती देऊ नये. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याचे पदर मध्ये चिमटून भोक पडू शकतं. असं झाल्यास तडक रुग्णालय गाठावं. साध्या प्रतीचा निओडिमियम 80 अंश सेल्सिअसच्या वर तापला की चुंबकत्व गमावू लागतो. होकायंत्राजवळ नेला तर सुईचे ध्रुवच उलटे होऊ शकतात. तो घ्यावा मोठ्या वर्गांनी, आणि एका प्रयोगासाठी तर नक्कीच: तांब्याच्या जाड नळीतून सोडला की तांबं चुंबकाकडे ओढलं जात नसतानाही तो अगदी संथ उतरतो. पडत्या चुंबकामुळे नळीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच त्याला अडवतो.

विद्युतचुंबक विकत घेण्यापेक्षा घरी करावा. 1820 मध्ये ऑर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाला दिसलं, की तारेतून वीज वाहताना जवळची चुंबकसूची हलते. तीच तार खिळ्याभोवती गुंडाळली की झाला विद्युतचुंबक. कायम चुंबकात न जमणारी गोष्ट इथे जमते: ताकद आपल्या हातात राहते. 20 वेढ्यांनी किती टाचण्या उचलल्या, 40 वेढ्यांनी किती, हे मुलांनी वहीत मांडावं. सेल उलटा जोडून होकायंत्र जवळ धरलं की ध्रुवांची अदलाबदलही दिसते.

तार इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) चढवलेली तांब्याची घ्या आणि दोन्ही टोकं काचकागदाने लख्ख घासा. प्रयोग फसतो तो बहुधा इथेच. 1.5 व्होल्टचा साधा सेल पुरतो. घरातल्या प्लगची वीज किंवा मोबाइलची बॅटरी कधीही वापरू नका. तार आणि सेल पटकन तापतात, म्हणून जोडणी काही सेकंदच ठेवा. वीज काढल्यावरही एखादी टाचणी चिकटून राहिली तर खिळा बहुधा पोलादाचा असेल. त्याऐवजी मऊ लोखंडाचा बोल्ट वापरून बघा.