फाशी, कॅथलिक न्यायाधीश आणि साडेतीन हजारांचा ऑनलाइन कोर्स

कोर्स एका अमेरिकी संस्थेचा आहे. नाव देत नाही, कारण तक्रारही करायची आहे. मी वसईची, कॅथलिक, फौजदारी वकील. विषय वाचला आणि साडेतीन हजार भरून मोकळी झाले.

पहिली दोन सत्रं पोपांवर. 1995 च्या परिपत्रकात जॉन पॉल दुसरे म्हणाले, फाशी अटळच ठरावी अशी प्रकरणं आता जवळजवळ उरलेली नाहीत. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत संग्रहाचा, 2267 वा परिच्छेद बदलून फाशी अस्वीकार्य ठरवली. एवढं तर तुमच्या चर्चचे फादरही सांगतील, तेही फुकट.

पैसे वसूल होतात तिसऱ्या सत्रात. एमी कोनी बॅरेट, पुढे अमेरिकी सुप्रीम कोर्टात गेलेल्या न्यायमूर्ती, तेव्हा नुकत्याच लॉ कॉलेजमधून बाहेर पडलेल्या. 1998 मध्ये त्यांनी कायद्याचे प्राध्यापक जॉन गार्वींबरोबर लिहिलेला लेख इथे ओळीओळीने वाचून घेतात. चर्चची शिकवण मानणाऱ्या न्यायाधीशाने फाशी सुनावू नये, ज्युरीने सुचवलेली अमलातही आणू नये, बाजूला व्हावं; अपिलात ती कायम करावी का, हा प्रश्न मात्र दोघांनाही सर्वांत अवघड वाटला. आणि केवळ कॅथलिक आहे म्हणून कुणी त्याला उठवू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. विरुद्ध बाजूला अमेरिकी सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती स्कालिया, तेही कॅथलिक. त्यांचं 2002 मधलं मत: फाशी अनैतिक वाटत असेल तर खुर्चीच सोडा. त्यांना स्वतःला ती अनैतिक वाटत नव्हती, हे सर आवर्जून सांगतात.

मग बाजूला होण्याचा आदेश लिहायचा सराव. एकाने लिहिलं, ‘माझी श्रद्धा आड येते.’ सर म्हणाले, ‘आरोपीने तुमच्या श्रद्धेचं काय करायचं? कलम सांगा.’ तिथून अमेरिकी कायद्याच्या 455 व्या कलमावर, म्हणजे न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणावर वाजवी शंका कधी येते यावर, जी चर्चा रंगली तिला तोड नाही.

पण 2020 पाशी गाडी अडते. सुप्रीम कोर्टात आल्यावर नोव्हेंबरात ऑर्लँडो हॉल या कैद्याच्या फाशीवरची स्थगिती उठवणाऱ्या बहुमतात बॅरेट होत्या. मग 1998 च्या लेखाचं काय? सर म्हणाले, वेळ संपली.

भारताचा तर उल्लेखही नाही. आपल्याकडे ज्युरी नाही. सेशन्स जज स्वतःच शिक्षा ठरवतो, हायकोर्ट ती कायम करतं. म्हणजे लेखातला पेच इथे आणखी घट्ट. आपल्या सुप्रीम कोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ कॅथलिक. फाशीचा फेरविचार व्हावा असं त्यांनी 2018 च्या नोव्हेंबरात छन्नूलाल वर्मा खटल्यात लिहिलं, आणि खंडपीठातले दोघे सहकारी त्या मुद्द्यावर त्यांच्याबरोबर गेले नाहीत. एका तासाचं साहित्य आयतं पडलंय, कुणी हात लावलेला नाही.

वकिलांनी जरूर घ्यावा. धर्मशिक्षण हवं असेल तर घेऊ नये. थेट तास आपल्या पहाटे साडेचारला असतात, रेकॉर्डिंगच बघा. ते महिनाभरच उघडं राहतं आणि फी परत मिळत नाही.