एसईएल-३११सी डिस्टन्स रिले: स्वतःची तपासणी करण्याची सोय कितपत कामाची?

विजेच्या लाइनवर शॉर्टसर्किटसारखा दोष आला की ब्रेकर उघडायला लावून ती लाइन तोडणारे उपकरण म्हणजे संरक्षक रिले. दोष येत नाही तोवर त्याला काही काम नसते, आणि ज्या दिवशी काम पडते त्या दिवशी ते सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकावे लागते. जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेची खरी अडचण यातच होती. त्याची स्प्रिंग सैल झाली किंवा कॉन्टॅक्टवर थर बसला, तरी ते पुढच्या टेस्टिंगपर्यंत किंवा पुढच्या दोषापर्यंत कोणालाच कळत नसे. त्यामुळे अमेरिकेतील श्वाइट्झर इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज, म्हणजे एसईएल, या कंपनीच्या ३११सी या डिस्टन्स रिलेचे, म्हणजे व्होल्टेज आणि करंटवरून दोषाचे अंतर ठरवणाऱ्या रिलेचे, परीक्षण लिहिताना झोन (अंतराचे टप्पे), रीच (टप्प्याची लांबी) किंवा रिक्लोजिंग (ब्रेकर आपोआप पुन्हा जोडणे) यांकडे न वळता तो स्वतःची तपासणी कशी करतो एवढ्याच बाबीवर मी लिहिणार आहे. पहिला डिजिटल डिस्टन्स रिले १९८४ साली याच कंपनीने बाजारात आणला, म्हणजे या कामाचा तिचा अनुभव जुना आहे.

रिले चालू असताना त्याची तपासणी अखंड सुरू असते आणि तिच्यासाठी संरक्षण बाजूला ठेवावे लागत नाही. करंट आणि व्होल्टेजच्या प्रत्येक चॅनेलचा डीसी ऑफसेट (शून्यापासून सरकलेला स्थिर फरक) मोजला जातो आणि तो ३० मिलिव्होल्टच्या पुढे गेला की सूचना मिळते. आतल्या पॉवर सप्लायच्या प्रत्येक व्होल्टेजवर नजर असते. ५ व्होल्टचा सप्लाय ४.८० ते ५.२० च्या बाहेर गेला तर ती सूचना समजली जाते, पण ४.६५ च्या खाली किंवा ५.४० च्या वर गेला तर तो बिघाड धरला जातो. तापमानालाही अशाच दोन पायऱ्या आहेत. रॅममध्ये लिहून वाचून पाहिले जाते, प्रोग्रॅमच्या मेमरीची बेरीज ताडून पाहिली जाते, आणि सेटिंगची तपासणी दोन ठिकाणी होते: एकदा कायमस्वरूपी साठवलेल्या प्रतीत आणि एकदा प्रत्यक्ष वापरात असलेल्या प्रतीत. हे शेवटचे मला विशेष आवडले, कारण साठवलेले सेटिंग शाबूत असून चालू प्रतीतला एखादाच बिट उलटला, तरी रिले चुकीच्या झोनवर ट्रिप, म्हणजे ब्रेकर उघडण्याची आज्ञा, देऊ शकतो.

सूचना आणि बिघाड यांत केलेला भेद हा या रचनेचा गाभा आहे. सूचना असेल तर अलार्मचा कॉन्टॅक्ट सुमारे ५ सेकंद हलतो, संरक्षण चालूच राहते आणि सिरियल पोर्टवर स्थितीचा अहवाल आपोआप येतो. बिघाड असेल तर रिले ट्रिपचे सगळे लॉजिक बंद करतो, आउटपुट कॉन्टॅक्ट सोडून देतो, समोरच्या पट्टीवरचा ‘ईएन’ दिवा विझवतो आणि अलार्म कायम धरून ठेवतो. खात्री नसलेल्या प्रोसेसरने उगाच लाइन पाडण्यापेक्षा हात आखडते घ्यावेत, हा विचार योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा की त्या क्षणापासून लाइनची भिस्त त्याच लाइनच्या दुसऱ्या मेन (मुख्य) रिलेवर, आणि तो नसेल तर पलीकडच्या उपकेंद्रातल्या रिलेच्या उशिराने सुटणाऱ्या झोन-दोनवर असते. म्हणजे रिलेने आपला दोष ओळखला, तरी तो माणसापर्यंत पोचल्याशिवाय त्या ओळखण्याचा काही उपयोग नाही.

पोचवण्याची ती जबाबदारी मुख्यतः अलार्म कॉन्टॅक्टवर आहे. रिले निरोगी असताना त्याची कॉइल भारित आणि कॉन्टॅक्ट उघडा असतो, त्यामुळे रिलेचा डीसी पुरवठा पूर्णपणे गेला तरी कॉन्टॅक्ट आपोआप मिटतो आणि मेलेला रिलेसुद्धा बोलतो. पण ॲनन्सिएटरलाही (कंट्रोल रूममध्ये अलार्म दाखवणाऱ्या पॅनेललाही) त्याच फ्यूजमधून डीसी दिलेला असेल, तर ऐकणाराच बहिरा होतो. पॅनेलच्या ड्रॉइंगमध्ये हे आधी तपासून घ्यावे. दुसऱ्याच बनावटीच्या एका रिलेच्या बाबतीत मी यापेक्षा वाईट पाहिले आहे. तिथे हा कॉन्टॅक्ट टर्मिनलपर्यंत आणलेलाच नव्हता, आणि निरोगीपणाचा दिवा विझलेला आहे हे पॅनेलची धूळ पुसणाऱ्या कर्मचाऱ्याने सांगितले तेव्हा कळले. किती दिवस तो विझलेला होता, हे सांगणारे कोणी नव्हते.

माझी या रिलेविषयीची मुख्य तक्रारही याच कॉन्टॅक्टबाबत आहे. कोणी पासवर्ड देऊन सेटिंग बदलण्याच्या पातळीवर शिरले की तो सुमारे एक सेकंद हलतो. सलग तीनदा चुकीचा पासवर्ड दिला तरी हलतो. आणि तपासणीतली सूचना आली तरी तोच ५ सेकंद हलतो. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या ऑपरेटरला या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. टेस्टिंगचे लोक पॅनेलवर आहेत हे माहीत असल्यामुळे येऊन गेलेला अलार्म तो पुसून टाकतो, आणि हळूहळू त्याला पुसण्याची सवय लागते. निदान पासवर्डसाठी एक आणि प्रकृतीसाठी एक, असे दोन वेगळे कॉन्टॅक्ट द्यायला हवे होते. तोवर उपाय एवढाच, की येऊन गेलेल्या प्रत्येक अलार्मनंतर ‘एसटीए’ ही स्थिती विचारणारी आज्ञा देऊन अहवाल पाहावा. ‘एसटीए सी’ ही आज्ञा दोष पुसून रिले पुन्हा सुरू करते; ती देण्याआधी अहवाल जतन करून ठेवावा, नाहीतर दुरुस्तीसाठी पाठवताना हाती काहीच उरत नाही. कंपनीची वॉरंटी १० वर्षांची आहे, त्यामुळे तो कागद जपण्यासारखा असतो.

आता या तपासणीला काय दिसत नाही तेही पाहायला हवे. ऑफसेटच्या चाचणीत शून्य शून्यावर आहे की नाही ते कळते. १०० अँपिअर खरोखर १०० म्हणून मोजले जातात की नाही ते कळत नाही. ते पाहण्यासाठी ‘एमईटी’ या मोजमाप दाखवणाऱ्या आज्ञेने आलेले आकडे शेजारच्या मीटरशी किंवा मेन-दोनशी, म्हणजे दुसऱ्या मेन रिलेशी, ताडून पाहावे लागतात, आणि लाइनवर भार असेल तर हे काम पाच मिनिटांचे आहे. पीटीचा, म्हणजे रिलेला व्होल्टेज कमी करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज गेल्याचे रिले ओळखतो, कारण व्होल्टेज पडला आणि करंट मात्र हलला नाही, ही विसंगती त्याच्या लॉजिकला दिसते. पण ट्रिपच्या कॉन्टॅक्टची जळालेली टोके, टर्मिनलवरचा सैल स्क्रू, ब्रेकरची तुटलेली ट्रिप कॉइल हे सारे पेटीबाहेरचे जग आहे. चुकीचे पण व्यवस्थित साठवलेले सेटिंग तर प्रत्येक तपासणीत अव्वल उत्तीर्ण होते! म्हणून ट्रिप सर्किटवर सतत देखरेख ठेवणारी वेगळी सोय आणि वेळोवेळी ब्रेकर प्रत्यक्ष पाडून पाहणे यांना पर्याय नाही.

अमेरिकेतील देखभालीच्या नियमाने, म्हणजे पीआरसी-००५ ने, हा हिशेब नेमका मांडला आहे. देखरेखीखाली नसलेल्या मायक्रोप्रोसेसर रिलेची तपासणी जास्तीत जास्त ६ वर्षांनी करावी लागते. स्वतःची तपासणी करणाऱ्या आणि ज्याचा अलार्म माणसापर्यंत पोचतो अशा रिलेला १२ वर्षांची मुभा आहे. रिले तोच असला, तरी वरच्या सहा वर्षांची सवलत अलार्म पोचतो की नाही यावर मिळते.

खरेदीबाबत माझे मत अनुकूल आहे आणि मी याला पाचपैकी चार गुण देतो. एक गुण त्या सामायिक अलार्म कॉन्टॅक्टसाठी कापला आहे. ऑर्डर देणाऱ्यांनी पॅनेल बनवणाऱ्याकडे एक अट लेखी घालावी: पॅनेल ताब्यात घेताना रिलेचा डीसी फ्यूज काढून दाखवायचा, आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजल्याशिवाय सही मिळणार नाही.