डिस्चार्ज बुकात राहून गेलेली 71 ची पदकं: नानांच्या नोंदी दुरुस्त करून घेतल्याचा अनुभव

पावसाळ्यात हे लिहायला बसले असते तर पाचापैकी एक तारा दिला असता. आज साडेतीन देते आहे. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळणाऱ्या नोकरीच्या पुस्तकात) संग्राम मेडल आणि पूर्वी स्टार, या 71 च्या लढाईच्या दोन्ही पदकांची नोंद झाली आहे, शाईने आणि सही-शिक्क्यासकट. पण मधे जे झालं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पलटणीचं नाव आणि रेकॉर्ड ऑफिसचं (जिथे सैनिकांच्या नोकरीच्या नोंदी ठेवतात त्या लष्करी कार्यालयाचं) गाव मुद्दाम देत नाही.

नाना 1967 साली ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि 1984 साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. 16 डिसेंबरच्या विजय दिवसासाठी आमच्या भागात 71 च्या लढाईतल्या माजी सैनिकांची यादी चालली होती. यादी करणाऱ्याने पुस्तकातलं मेडलचं पान उघडलं. सैन्य सेवा मेडल आहे, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनदिनाचं आहे, नऊ वर्षांच्या लाँग सर्व्हिसचं आहे. 71 चं एकही नाही. "नाना, पुस्तकात तर लढाईचं काहीच दिसत नाही," तो म्हणाला, आणि नाव यादीतून गेलं. आगरताळ्याहून आखौडा, ब्राह्मणबारिया, आशुगंज असा दारूगोळा वाहून नेलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं. नाना काही बोलले नाहीत. मला मात्र राहवेना.

त्या पानाकडे नीट पाहिलं तर पुस्तक स्वतःच साक्ष देत होतं. 25 व्या वर्धापनदिनाचं मेडल 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असणाऱ्यांना मिळालं. संग्राम मेडल 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात सेवेत असणाऱ्यांसाठी. 1967 ला भरती झालेला, सलग नोकरी केलेला माणूस पहिल्याला पात्र आणि दुसऱ्याला नाही, असं होऊच शकत नाही. पूर्वी स्टार वेगळा. त्यासाठी पूर्व आघाडीवर असल्याचा पुरावा लागतो.

मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला, सोबत पुस्तकाच्या साक्षांकित झेरॉक्स जोडल्या. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: नोंदीत सदर पदकं आढळत नाहीत, मूळ डिस्चार्ज बुक पाठवावे.

इथे मी अडले, आणि या एका मुद्द्यावर मी कितीही वेळ बोलू शकते. मूळ पुस्तक पोस्टाने का पाठवायचं? त्या पुस्तकात माणसाची अख्खी नोकरी असते. भरतीची तारीख, वारसांची नावं, बढत्या, चारित्र्याचा शेरा, सगळं. ते हरवलं तर दुय्यम प्रत मिळवायला पोलिसांतल्या तक्रारीपासून प्रतिज्ञापत्रापर्यंत सगळं आलं, आणि दुय्यम प्रतीत काय उतरेल आणि काय गळेल हे कुणी सांगावं? पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाकडे असलेला एकमेव कागद तुम्ही पाकिटात घालून मागवता आणि पोच मिळाल्याचं कळवतही नाही, हे मला अजिबात मान्य नाही. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. ट्रॅकिंग आहे, मान्य. पण ट्रॅकिंगवर "पोहोचलं" दिसलं म्हणून ते कुणाच्या टेबलावर आहे हे कळत नाही. नोंद मूळ पुस्तकातच करायची असते, हेही मला ठाऊक आहे. पण तपासणी झेरॉक्सवर करा आणि शेवटी सहीपुरतं मूळ मागा, एवढं जमायला हरकत काय? मी पुस्तक पाठवलं नाही. पत्रव्यवहार तिथेच थांबला. एक तारा त्या दिवसांचा.

आणि हो, कुणी डिस्चार्ज बुक लॅमिनेट केलं असेल तर त्या पानांवर आता पेनही चालत नाही आणि शिक्काही बसत नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी प्रेमाने केलं आहे. कृपा करून करू नका.

आता ज्याने मत बदललं ते. माहिती अधिकार. गावात सगळे म्हणत होते की लष्कराला माहिती अधिकार लागू नाही. हे खरं नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आसाम रायफल्स अशी नावं आहेत. भारतीय सेना त्यात नाही. नानांच्या नावाने आणि त्यांच्याच सहीने अर्ज केला, कारण माहिती त्यांची स्वतःची होती. फी दहा रुपये. मागितलं एवढंच: माझ्या शीट रोलची (रेकॉर्ड ऑफिसात असलेल्या नोकरीच्या नोंदपत्रकाची) पूर्ण प्रत, आणि 1971 ते 1973 या काळातल्या माझ्यासंबंधीच्या पार्ट टू ऑर्डर्सच्या (सैनिकाच्या नोकरीतले बदल नोंदवणाऱ्या लेखी आदेशांच्या) प्रती. "मला मेडल का नाही" असा प्रश्न विचारला नाही, कारण हा कायदा कागद देतो, खुलासे देत नाही.

30 दिवसांच्या आत उत्तर आलं. प्रतींचे पानाला दोन रुपये. ज्या कार्यालयाला पत्रांमागून पत्रं लिहून काही हलत नव्हतं, तिथूनच दहा रुपयांच्या अर्जावर जुनी, पिवळी पडलेली, टाइप केलेली पानं सुबक झेरॉक्स होऊन घरी आली. मी खरोखर हरखून गेले. नानांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि टाइप करणाऱ्या क्लार्कचं नाव सांगितलं.

त्या पानांत दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. संग्राम मेडलची नोंद शीट रोलमध्ये होती! पार्ट टू ऑर्डरचा नंबर, तारीख, सगळं. निवृत्तीच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरताना ती ओळ उतरायची राहिली. म्हणजे "नोंदीत आढळत नाही" हे उत्तर पुस्तकाची झेरॉक्स पाहून दिलं होतं, शीट रोल उघडून नव्हे.

पूर्वी स्टारची मात्र कुठेच नोंद नव्हती. त्याचं कारणही त्याच पानांत सापडलं. नानांचं मूळ युनिट तेव्हा पश्चिमेला होतं. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना गाडीसकट पूर्वेकडच्या दुसऱ्या युनिटला अटॅच केलं होतं, म्हणजे तात्पुरतं जोडलं होतं. अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर आहे, परत आल्याचीही आहे. संग्राम मेडल, पूर्वी स्टार आणि पश्चिम आघाडीचा पश्चिमी स्टार ही पदकं 1973 च्या जानेवारीत सुरू झाली, तोवर नाना परतलेले. मूळ युनिटने आपल्या यादीत त्यांना घेतलं नाही, कारण ते तेव्हा हजर नव्हते. ज्यांच्याकडे होते त्यांनी घेतलं नाही, कारण ते त्यांचे नव्हते. ड्रायव्हर, सिग्नलवाले, स्वयंपाकी, कारागीर अशा अटॅच झालेल्या लोकांच्या बाबतीत हे होण्याचा धोका सगळ्यात जास्त. तुमच्या घरचे यात असतील तर आधी अटॅचमेंट शोधा.

जोडीला आईच्या ट्रंकेतली पत्रं निघाली. नानांनी त्या हिवाळ्यात लिहिलेली, वर पत्ता "99 एपीओ", म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा. पूर्वेकडच्या फौजांची टपाल 99 एपीओमार्फत जायची, पश्चिमेची 56 मार्फत. आईने ती पत्रं पन्नास वर्षं जपली ती काही पुराव्यासाठी नाही, पण अर्जासोबत त्यांच्या झेरॉक्स लावताना मला फार बरं वाटलं.

दुसरा अर्ज मग एका पानाचा झाला. पहिली मागणी: शीट रोलमधल्या अमुक ऑर्डरप्रमाणे संग्राम मेडल डिस्चार्ज बुकात उतरवावं. दुसरी: अमुक पार्ट टू ऑर्डरप्रमाणे पूर्वेला अटॅच असल्याने पूर्वी स्टार मंजूर करावा. दोन मागण्या वेगळ्या, प्रत्येकीपुढे त्यांच्याच कागदाचा नंबर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला. यावेळी उत्तराची भाषाच बदलली. संग्राम लगेच मान्य झालं. पूर्वी स्टारला बरेच महिने गेले, पण झाला.

पुस्तक तरीही मी पोस्टाने दिलं नाही. नानांना घेऊन स्वतः गेले. तिथला सुभेदार खुर्ची सोडून उभा राहिला, नानांना "राम राम साहेब" म्हणाला, चहा मागवला आणि त्यांच्यासमोर पानावर नोंद करून आणून दिली. अर्ध्या दिवसाचं काम. ज्या कार्यालयावर मी वर्षभर चिडले होते तिथली माणसं समोरासमोर इतकी चांगली निघाली, त्यामुळे एकाचे साडेतीन तारे झाले. शक्य असेल तर माजी सैनिकाला सोबत घेऊन जा.

पैशाचं विचारणाऱ्यांसाठी: या नोंदीने पेन्शन एका रुपयानेही वाढत नाही. हे शौर्य पुरस्कार नाहीत, त्यांना मासिक भत्ता नाही. घरपट्टीच्या माफीशीही यांचा संबंध नाही. आणि स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर शोधू नका, तिथे पेन्शनचा व्यवहार आहे, पदकांची नोंद रेकॉर्ड ऑफिसचीच. आमचा खर्च म्हणजे दहा रुपये, झेरॉक्स, टपाल आणि दोन माणसांचं रेल्वेचं तिकीट. "काम करून देतो" म्हणणारा एक जण याच कामाचे हजारो रुपये सांगत होता. त्याने केलं असतं ते सगळं वर लिहिलं आहे. अगदीच नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

दीड तारा कापला तो कशाचा? एक मूळ पुस्तकाच्या मागणीचा, त्यावर मी ठाम आहे. अर्धा मेडलचा. नोंद झाली, पण प्रत्यक्ष पदकं अजून यायची आहेत. कॅम्पातल्या दुकानात तयार मिळतात, मी आणू का विचारलं. नाना नको म्हणाले. सरकारी मेडलवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तेच हवं आहे त्यांना. पाठपुराव्याचं पत्र गेल्या आठवड्यात टाकलं आहे.