आपला उपग्रह वेळेत उतरवायचा, की मेलेला पकडून आणायचा?

अवकाशातला कचरा आवरायचे दोन मार्ग: इंधन शिल्लक असतानाच उपग्रह खाली आणायचा, नाहीतर निकामी झालेला दुसऱ्या यानाने पकडायचा.

पहिल्यात कायद्याची कटकट कमी. उपग्रह आपला, निर्णयही आपला. अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०२२ मध्ये खालच्या कक्षेतला उपग्रह काम संपल्यावर उतरवायची २५ वर्षांची मुदत ५ वर्षांवर आणली, ते बरंच झालं. धोका उरतो जमिनीवर. न जळलेला तुकडा कुणाच्या घरावर पडला, तर अवकाशातल्या वस्तूंमुळे होणाऱ्या नुकसानीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चूक असो-नसो, भरपाई प्रक्षेपक देशाच्या माथी.

दुसरा मार्ग धाडसी, पण कागदावरच अडकतो. १९६७ च्या अंतराळ करारानुसार मेलेल्या उपग्रहावरही नोंदणी करणाऱ्या देशाचाच अधिकार. परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही. त्यात युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहासारखं, २०१२ पासून मुकं झालेलं सुमारे ८ टनांचं धूड गिरक्या घेत असेल, तर पकडतानाच आणखी तुकडे व्हायची भीती. शिवाय कक्षेतल्या नुकसानीची भरपाई मागायची तर चूक सिद्ध करावी लागते. २००९ मध्ये अमेरिकेचा चालू उपग्रह इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ एकमेकांवर आदळले. आता सांगा, चूक कुणाची धरायची?

नव्या उपग्रहांसाठी मी डोळे झाकून पहिला मार्ग निवडेन. एन्व्हिसॅटला मात्र आज्ञाच पोचत नाही. तिथे दुसराच लागेल.