व्हेगन क्लबचे पाच हजार कुठे घालायचे: स्क्रीन, मिसळ, चॅलेंज की कॅन्टीन?

परवा एका ज्युनियरचा मेसेज आला, ताई आमच्या कॉलेजला पण व्हेगन क्लब (म्हणजे मांस-अंड्यांबरोबर दूध-तूपही न खाणाऱ्यांचा) सुरू करतोय, सात जण आहोत, वर्गणी काढून पाच हजार जमलेत, एकच वर्ष आहे हातात, व्हिडिओवाला प्रोग्रॅम करू का फूड स्टॉल लावू? मी व्हॉइस नोट पाठवायला बसले तर ती अकरा मिनिटांची झाली, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं, नाशकात अजून कोणी याच विचारात असेल तर त्यालाही उपयोग होईल. गंगापूर रोडच्या बाजूच्या एका कॉलेजला मी दोन वर्षं क्लब चालवला, आम्ही हे चारही प्रकार करून बसलोय, त्यातले दोन तर सपशेल आपटले.

आधी स्क्रीन. म्हणजे काळे कपडे, तोंडाला मास्क, हातात लॅपटॉप, त्यावर कत्तलखान्याचे आणि डेअरीचे व्हिडिओ चालू, आणि बाजूला दोघं बोलायला उभे. ही पद्धत ॲनॉनिमस फॉर द व्हॉइसलेस नावाच्या ग्रुपने २०१६ मध्ये मेलबर्नला सुरू केली आणि मग जगभर पसरली. खर्च जवळपास शून्य, चार लॅपटॉप असतातच आपल्याकडे, आणि गर्दी शंभर टक्के जमते, मास्क घातलेली माणसं पार्किंगजवळ उभी दिसली की कोण थांबणार नाही. म्हणून प्रत्येक नव्या क्लबला हेच पहिलं सुचतं, आम्हालाही सुचलं होतं.

झालं काय, एक मुलगी दहा मिनिटं बघत उभी राहिली, रडली, आमचा हात धरून सॉरी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला पनीर रोल खाताना दिसली. तिची चूक नाही. तिला आम्ही रडवलं पण उद्या सकाळी काय खायचं ते सांगितलंच नाही. ते एक वेळ जाऊ दे, खरा फटका दुसरीकडून बसला. सिन्नरकडचा एक मुलगा, शांत, शेवटच्या बाकावरचा, पूर्ण व्हिडिओ पाहून म्हणाला, "आमच्या घरी चार गायी आहेत, माझी फी त्याच्यावर भरलीय, हा गोठा आमचा नाही." आणि निघून गेला. आम्ही सगळे गप्प. खरंच होतं ना त्याचं, व्हिडिओ परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या फॅक्टरी फार्मचा होता, आणि आमच्या वर्गात निम्मी पोरं सिन्नर, निफाड, दिंडोरीची, कोणाच्या घरी दूध डेअरीला जातं, कोणाचं कोंबड्यांचं शेड कंपनीशी कॉन्ट्रॅक्टवर आहे. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात हे चालत असेल, इथे तुम्ही जे दाखवताय ते समोरच्याच्या बापाचं पोट आहे.

आता हाच मुलगा चार महिन्यांनी आमच्या मिसळच्या स्टॉलवर आला, दुसरा द्रोण घेतला, आणि मग आपणहून म्हणाला की गाय आटली की काय करायचं आणि गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, झाला की काय करायचं हे घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कोणाला नकोत, त्यात जर्सी नाहीतर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) अशा परदेशी जातीचा गोऱ्हा म्हणजे नुसता खाणारा. गाय आणि वासरू तर महाराष्ट्राच्या १९७६ च्या कत्तलबंदीच्या कायद्यातच होते, २०१५ मध्ये वळू आणि बैलही त्यात आले, म्हणजे कत्तलीला विकायचा रस्ता कागदावर बंद, आणि पोसायला दुधाचा भाव पुरत नाही. मग तो जातो कुठे? तो म्हणाला, "ते विचारू नका." व्हेगन लोक डेअरीबद्दल जे सांगायला धडपडतात त्यातलं निम्मं त्याने चार वाक्यांत सांगितलं, आणि ते तोच सांगू शकत होता. स्क्रीनसमोर तो हे कधीच बोलला नसता, द्रोण हातात होता म्हणून बोलला.

म्हणजे मिसळ जिंकली का? थांबा, मिसळचंही ऐका.

नाशकात मिसळचा स्टॉल म्हणजे आयती गर्दी, त्यात वाद नाही. मटकी, तर्री, फरसाण, कांदा, लिंबू, यात मुळात दूध कुठेच नाही. बघायचं ते फक्त पावाकडे, बेकरीवाल्याला विचारा वरून बटर मारतो का आणि पिठात दूध पावडर घालतो का, आमच्या बेकरीवाल्याने आधी नाही म्हटलं आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर डोकं खाजवून हो म्हटलं, तेव्हा दोनदा विचारा. फरसाणचं पाकीटही वाचून घ्या. राहतं फक्त दही. आपल्याकडे मिसळबरोबर दह्याची वाटी आली नाही तर लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, ते आम्ही शेंगदाण्याचं लावलं.

पहिल्या दिवशी दीडशे प्लेटा गेल्या. आम्ही खूश. संध्याकाळी एका पोराला विचारलं, कसं वाटलं व्हेगन फूड, तर तो म्हणतो, "कुठलं व्हेगन, मी तर मिसळ खाल्ली." दीडशे लोक जेवून गेले आणि कोणाला पत्ताच नाही! मिसळ तर व्हेजच असते ना, असं तिघा-चौघांनी ऐकवलं. स्टॉलचा हाच दोष आहे, लोक खातात, बोट चाटतात आणि जातात, आणि तुम्ही फुकट केटरिंग करून दमता. खर्चही पाहा, त्या एका दिवसात आमचे साडेतीन हजार गेले, मटकी स्वस्त आहे पण तेल, गॅस, पाव, द्रोण असं करत करत कधी जातात कळत नाही. आणि सहा जण आदल्या दिवसापासून त्यातच.

दुसऱ्या वेळी आम्ही एकच बदल केला. पूर्ण प्लेट नाही, छोटा द्रोण, आणि बाजूला दह्याच्या दोन वाट्या, एक गायीच्या दुधाचं आणि एक शेंगदाण्याचं, ओळखा कुठलं कोणतं. (हो, व्हेगन स्टॉलवर गायीचं दही ठेवलं, यावरून आमच्यात तासभर भांडण झालं, मला अजूनही ते बरोबर वाटतं, ज्यांना पटत नाही त्यांनी दोन्ही वाट्या शेंगदाण्याच्याच ठेवा आणि शेवटी सांगा, त्यातही मजा आहे.) ओळखायला लोक थांबायला लागले, पैजा लावायला लागले, आणि थांबले की प्रश्न विचारायला लागले. खर्च अर्ध्यावर आला. सिन्नरच्या त्या मुलाशी बोलणं झालं ते याच वेळी.

पत्रकं वाटू नका. सगळी पार्किंगमध्ये पडलेली असतात आणि शेवटी तुम्हीच गोळा करता. क्विझचं पोस्टर चालतं पण तिथेही जरा बघून, आम्ही "नाशिकची वाईन व्हेगन असते का?" असं लावलं होतं, प्रश्न चांगला आहे कारण वाईन स्वच्छ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन नाहीतर दुधातलं केसीन वापरतात, बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. डिसिप्लिन कमिटीने वाईन शब्द वाचला आणि पुढचं न वाचताच पोस्टर काढलं.

तिसरा प्रकार एकवीस दिवसांचं चॅलेंज. कागदावर सगळ्यात स्वस्त, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रोज एक रेसिपी. आमच्याकडे बेचाळीस जणांनी नावं दिली, आठव्या दिवशी पाच उरले. कशाने गेले? चहाने. मटण-चिकन सोडायला लोक तयार होते, पनीरही सोडलं, पण टपरीवरचा कटिंग नाही सुटला. सोयाचं दूध आल्याच्या उकळत्या चहात टाकलं की फाटतं, ओटचं बरं पडतं पण गायीच्या दुधापेक्षा कितीतरी महाग, होस्टेलवरचा पोरगा ते रोज कुठून आणणार. चॅलेंज करायचंच असेल तर चहाचं उत्तर आधी शोधा, लिंबू चहा, काळा चहा, गुळाचा कोरा चहा, काय असेल ते, आणि मग नावं घ्या.

आणि महिना नीट निवडा. सगळ्यांना पहिल्यांदा श्रावणच सुचतो, कारण अर्ध्या वर्गाचं नॉनव्हेज तसंही बंद असतं. मला श्रावण अजिबात पटत नाही. एक तर त्यात दूधतूप उलट वाढतं, साबुदाण्यात तूप, उपासाला श्रीखंड, आणि दुसरं म्हणजे मग तुमचा क्लब धार्मिक वाटायला लागतो. ऑक्टोबरात कोजागरीचं मसाला दूध आणि मागोमाग दिवाळीचा फराळ. जानेवारी बेस्ट. इंग्लंडमध्ये २०१४ पासून व्हेगन्युअरी, म्हणजे महिनाभर व्हेगन खायची मोहीम, जानेवारीत चालतेच, पण ते कारण सोडा, आपल्याकडे त्या महिन्यात भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, तिळगूळ, हुरडा, वांग्याचं भरीत, ताट आपसूक भरतं, फक्त भाकरीवरचं लोणी बाजूला ठेवायचं. कोणाला काही विकत आणायला सांगावं लागत नाही.

ग्रुपवर बी-१२ या व्हिटॅमिनबद्दल पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहा. ते झाडपाल्यातून मिळत नाही, एकवीस दिवसांत कोणाचं काही बिघडत नाही पण जो पुढे चालू ठेवणार त्याने गोळी घ्यायचीच, डॉक्टरला विचारून. आमच्यातल्या एकाने "सगळं निसर्गातून मिळतं" असं ठोकून दिलं होतं आणि मेडिकलच्या एका मुलीने सगळ्यांसमोर धुतलं, बरोबर केलं तिने.

आता परवानगी, कारण सगळे प्रकार तिथेच अडतात. आपली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. तिथे २०१७ मध्ये एका सुवर्णपदकाला विद्यार्थी शाकाहारी असावा अशी अट निघाली आणि केवढा गदारोळ झाला, जुन्या प्राध्यापकांना ते चांगलं आठवतं. त्यामुळे अर्जात "शाकाहाराचा प्रचार" असा शब्द आला की समोरचा सावध होतो, आणि माझ्या मते व्हावंच. कोण काय खातं यावरून माणसाची पायरी ठरवायची सवय आपल्याला जुनी आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, याच गावातला. तेव्हा व्हेगन क्लबने पहिल्यापासून स्वच्छ ठेवायचं, की मटण खाणारा वाईट आणि पनीर खाणारा चांगला असं आमचं म्हणणं नाही. उलट आमच्या क्लबमध्ये टिकले त्यातले बरेच नॉनव्हेज खाणाऱ्या घरातले होते. शुद्ध शाकाहारी घरातली पोरं "आम्ही तर आधीच चांगले" म्हणून ऐकूनच घेत नाहीत, त्यांना दुधाचा विषय काढला की राग येतो. स्क्रीनवाल्या प्रकाराला परवानगी मिळायला आम्हाला दीड महिना लागला, रक्त दिसणार का, पालक तक्रार करतील का, स्टॉलला दोन दिवस, आणि कॅन्टीनला तर परवानगी लागलीच नाही.

कॅन्टीन हा चौथा प्रकार आणि माझं मत विचाराल तर मी आज पैसे काढायच्या आधी पहिला वेळ तिथे घालीन. दिसायला एकदम बोअर काम आहे. कॅन्टीनवाल्या मामांबरोबर बसायचं आणि मेन्यूतल्या एकेका पदार्थात काय पडतं ते लिहून काढायचं. आमच्या यादीत कांदेपोहे, भजी, मटकीची उसळ, बटाटेवडा, लिंबू चहा हे आधीपासूनच दूध-तूप नसलेले निघाले. उपमा तुपातला होता, मामांनी तेलात करून पाहिला, कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि तेल स्वस्त म्हणून मामाच खूश. मग बोर्डावर त्या पदार्थांपुढे हिरवं पान चिकटवायचं. सरकारी लोगो नका लावू, एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) २०२२ च्या नियमांत व्हेगन फूडसाठी पानवाला हिरवा व्ही दिलाय पण तो मंजुरी घेऊन लावायचा असतो, आपण आपलं साधं पान काढायचं. आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हेगन असं कोणाला सांगू नका, त्यात दूध चालतं.

यात टाळ्या नाहीत, रील पण होत नाही, आणि मामांच्या मागे महिनाभर लागावं लागतं, घाईच्या वेळेला गेलात तर हाकलतात, चार वाजता जा. पण स्टॉल एक दिवस, स्क्रीन दोन तास, चॅलेंज आठ दिवस, आणि ते पान मी पास आऊट होऊन गेले तरी बोर्डावर आहे. एकच भीती, कॅन्टीनचं कॉन्ट्रॅक्ट बदललं की सगळं पुन्हा.

तर त्या ज्युनियरला मी जे सांगितलं ते असं. कॅन्टीन जुलैपासून लावून धर, त्याला पैसे लागत नाहीत, माणूस लागतो, तुमच्यातला सगळ्यात गप्पिष्ट त्यावर लाव. डिसेंबरच्या शेवटी दह्याच्या पैजेचा छोटा स्टॉल, दोन हजाराच्या आत, तिथेच जानेवारीच्या चॅलेंजसाठी नावं घे, पण वीसच घे, बेचाळीस नको. उरलेले पैसे ओटच्या दुधाला ठेव, पहिल्या आठवड्यात होस्टेलच्या पोरांना वाटायला. स्क्रीन नकोच असं नाही, पण ज्याला स्वतःहून बघायचंय त्यांच्यासाठी, बंद खोलीत, आणि जमलं तर परदेशातला नाही, आपल्याकडचा व्हिडिओ.

फक्त डिसेंबरच्या स्टॉलला एक गोष्ट, शेंगदाणे रात्रभर भिजवून, एकाला तीन पाणी घालून वाटून, गाळून, उकळून, कोमट झालं की हिरव्या मिरचीची आठ-दहा देठं टाकायची, त्यानेच विरजण लागतं. पहिलं दही पातळच होतं, ते खायला नाही, पुढच्याला विरजण म्हणून. आणि नाशिकची थंडी असेल तर रात्रीत काही लागत नाही, आम्ही स्टॉलच्या आदल्या रात्री दोनला उठून पातेली गोधडीत गुंडाळली होती. दोन दिवस आधी लावा.